पीएचपी: हजेरीच्या फॉर्ममधले टिक भलत्याच मुलांना लागतात

अर्धविराम: एका पानावर ३०० मुलांची हजेरी आहे. प्रत्येक ओळीत चार फील्ड: लपवलेला आयडी[], रोल[], शेरा[] आणि हजर[] हा चेकबॉक्स. सर्व्हरवर पीएचपी (तिथे चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) मध्ये लूप लावून क्रमांकाने जोड्या जुळवतो. पाचवा मुलगा गैरहजर असला की त्याला सहाव्याचा टिक लागतो. शिवाय कधीकधी शेवटच्या ओळी पोहोचतच नाहीत, तेही एरर न दाखवता.

रिकामा_कंस: टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही, एचटीएमएलचा नियमच तसा आहे. आयडी ३०० येतात, हजर मात्र टिक असतील तेवढेच. आणि कंस रिकामा असल्यामुळे पीएचपी त्यांना शून्यापासून सलग क्रमांक देते. कंसात मुलाचा आयडीच घाला: हजर[४१२], शेरा[४१२]. सेव्ह करताना त्या वर्गाची यादी डेटाबेसमधून घ्या आणि एकेका आयडीला 'इसेट' (मूल्य आलंय का ते सांगणारी तपासणी) लावून बघा. फॉर्ममधून आलेल्या आयडींवर लूप नको. ते कोणीही बदलून पाठवू शकतो.

लॉग_बघा_आधी: शेवटच्या ओळी 'मॅक्स_इनपुट_व्हार्स' खातं, म्हणजे एका वेळी किती फील्ड घ्यायची ते ठरवणारं पीएचपीचं सेटिंग. मूळ मर्यादा १०००. तुमची तीन फील्ड नेहमीच येतात, म्हणजे ९००. त्यात टिक आणि सेव्हचं बटण. हजर शंभराच्या आत असले तर सगळं बसतं, जास्त झाले की शेपूट छाटलं जातं. म्हणून 'कधीकधी'. इशारा एरर लॉगमध्ये सापडेल.

'इनि_सेट'ने (स्क्रिप्टमधून सेटिंग बदलणारं फंक्शन) ही मर्यादा बदलत नाही, कारण स्क्रिप्ट सुरू होण्याआधीच फॉर्म वाचून झालेला असतो. पीएचपी.आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये बदला आणि एफपीएम (सर्व्हरवर पीएचपी चालवणारी सेवा) रीस्टार्ट करा. पण मुळात त्याची गरजच नाही: वरच्या पद्धतीने आयडी आणि रोल फॉर्ममधून उडाले, की राहतात जास्तीत जास्त ६०० आणि बटण.

अर्धविराम: चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचं ० असलेलं लपवलेलं फील्ड ठेवलं तर?

रिकामा_कंस: चालतं, एकाच नावाची दोन मूल्यं आली तर पीएचपी नंतरचं धरते. पण १०००च्या मोजणीत दोन्ही येतात, आणि यादी डेटाबेसमधून घेताय तर त्याचा फायदा नाही.

लॉग_बघा_आधी: त्यापेक्षा फॉर्मच्या अगदी शेवटी 'पूर्ण' नावाचं एकच लपवलेलं फील्ड ठेवा. ते आलं नाही तर काहीही सेव्ह करू नका. नाहीतर वर्ग वाढला की छाटलेल्या ओळींतली मुलं गुपचूप गैरहजर लागतील. बटणावर विसंबू नका. जावास्क्रिप्टच्या सबमिट()ने फॉर्म पाठवला तर बटणाचं नाव येत नाही.