पुण्याच्या वळिवाला शहराची उष्णता बळ देते का?

कोथरूडकर :
एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर येणारा वळीव पुण्याच्या उष्णतेमुळे अधिक जोर धरतो, असे माझे ठाम मत आहे. तापलेल्या काँक्रीट-डांबरावरची हवा हलकी होऊन वर चढते, तिची जागा घ्यायला भोवतालची हवा शहराकडे ओढली जाते आणि बाष्प पुरेसे असेल तर ढग तिथेच उभा वाढू लागतो. अमेरिकेतील सेंट लुइस येथे १९७१ ते १९७५ या काळात ‘मेट्रोमेक्स’ ही शहराचा पावसावरचा परिणाम मोजणारी मोठी मोहीम झाली, तेव्हा वारा शहरावरून ज्या बाजूला वाहत जातो तिकडे उन्हाळी पाऊस सुमारे ५ ते २५ टक्के अधिक आढळला होता.

कोरडवाहू :
हा दाखला पुण्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे उन्हाळ्यात शहराबाहेर मक्या-सोयाबीनची हिरवी शेते असतात. आमच्या पुरंदरच्या जिरायत पट्ट्यात मे महिन्यात रान नांगरून उन्हात तापत ठेवलेले असते आणि दुपारी दोन वाजता त्या ढेकळांवर अनवाणी पाय टेकवत नाही. अशा वेळी झाडी असलेले शहर शिवारापेक्षा किंचित थंडही असू शकते. शहराची उष्णता खरी जाणवते ती रात्रीच्या किमान तापमानात. शिवाय वळीव ठरतो तो समुद्रावरून आलेल्या बाष्पावर आणि वरच्या थरातील थंड हवेवर. ही दोन्ही नसतील तर ४१ अंशांतही आभाळ कोरडेच राहते.

कोथरूडकर :
दुपारपुरते तुमचे म्हणणे मला पटले. संध्याकाळी सहानंतर मात्र रान झपाट्याने निवते, भिंती आणि रस्ते उष्णता सोडत राहतात, आणि हडपसरकडून सरकत येणाऱ्या ढगाला नेमकी तेव्हाच खालून ऊब मिळते.

कोरडवाहू :
ऊब मिळते तसा अडथळाही होतो. न्यूयॉर्कच्या अभ्यासात सरकत येणारी वादळे शहरापाशी दुभंगून दोन्ही कडांनी गेल्याचे दिसले होते. वळिवाची सर एका पेठेतले रस्ते धुऊन काढते आणि नदीपलीकडे धूळही बसत नाही, तेव्हा शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव अशा मोजक्या ठिकाणच्या नोंदींवरून जोर वाढला की केवळ जागा बदलली, हे कसे ठरवणार?

कोथरूडकर :
जागा बदलणे मला किरकोळ वाटत नाही. सर दोन किलोमीटर सरकली की ती आंबिल ओढ्याच्या पाणलोटात पडणार की बाहेर, हे बदलते, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर येऊन त्या ओढ्याने काय केले ते आपण दोघांनीही पाहिले आहे.