मदत हवी आहे: १९७१ चा सर्वोत्तम रॉक अल्बम, द हू बँडचा ‘हूज नेक्स्ट’ की लेड झेपेलिन बँडचा ‘लेड झेपेलिन ४’?

रोलिंग स्टोन्सचा ‘स्टिकी फिंगर्स’ जबरदस्त आहे, पण दुसरी बाजू मंदावते, म्हणून तो बाजूला. खरी लढत या दोघांत.

झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मध्ये ड्रमर बॉनमचे ड्रम हेडली ग्रेंज या इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यात जिन्याच्या तळाशी होते आणि माइक वर जिन्यात टांगलेले, म्हणून तो घुमारा. उलट ‘हूज नेक्स्ट’मधल्या ‘बाबा ओ’रायली’च्या सुरुवातीला अनेक जण सिंथेसायझर समजतात; तो लॉरी ऑर्गनचा मरिंबा रिपीट (दाबलेले सूर आपोआप पुन्हा पुन्हा वाजवणारी सोय) आहे. (नावातले बाबा म्हणजे पुण्यात जन्मलेले मेहेरबाबा.) ‘वोंट गेट फूल्ड अगेन’मध्ये मात्र ऑर्गन व्हीसीएस ३ सिंथच्या फिल्टरमधून गेलाय. माझा कल इथेच ‘हूज नेक्स्ट’कडे झुकतो.

अडचण ऐकण्यात आहे. रीमास्टरमध्ये (जुन्या ध्वनिमुद्रणाची नव्याने तयार केलेली आवृत्ती) बहुधा कम्प्रेशन, म्हणजे मोठ्या-लहान आवाजातला फरक चेपणं, वाढवलेलं असतं, आणि मोठं वाजतं ते कानाला उगाच चांगलं वाटतं. दोन्ही अल्बम उणे १८ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणले की आवाजाची पातळी जुळते, पण चेपलेले ड्रम परत येत नाहीत.

तर दोन्हींच्या कोणत्या आवृत्त्या घ्याव्यात, ज्यांत ड्रमचा ठोका शाबूत आहे? आणि झेपेलिनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ‘स्टेअरवे टू हेवन’ हे गाणं सोडून कारण सांगावं.