रॅम्पच्या मागच्या खोलीत कोण दिसलं? (अनुभव धागा)

माझं माहेर इचलकरंजीचं. कापड दिसलं की आधी हात पुढे जातो. २०२३ च्या डिसेंबरात डेलावेअरच्या विंटरथर म्युझियममध्ये ॲन लो यांच्या गाऊनचं प्रदर्शन पाहिलं, तेव्हा हात पाठीमागे बांधूनच फिरले. कापडाचीच फुलं, पाकळी न् पाकळी सुटी कापून बसवलेली. मी न्यू जर्सीत २२ वर्षं पॅटर्नमेकर आहे, म्हणजे कपड्यांचे कागदी साचे काढते, तरी एका गाऊनवर फूल कुठे टाचलंय ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

लो बाई अलाबामाच्या, कृष्णवर्णीय. आई आणि आजी दोघी शिवणाऱ्या. १९५३ मध्ये जॅकी केनेडीचा लग्नाचा पोशाख यांनी शिवला. लग्न दहा दिवसांवर आलेलं असताना पाइप फुटला आणि तो पोशाख, करवल्यांचे बरेचसे कपडे, सगळं पाण्यात गेलं. बाईंनी नवं कापड आणून पुन्हा शिवलं, पदरचे पैसे घातले आणि चकार शब्द काढला नाही. पेपरांत पोशाखाचं वर्णन भरभरून आलं, शिवणारीचं नाव जवळजवळ कुठेच नाही.

रॅम्पवरच्या मॉडेल सगळ्यांनाच दिसतात. मला मागच्या खोलीबद्दल विचारायचंय : कटिंगचं टेबल, मेकअपची खुर्ची, दुकानात कोणता माल घ्यायचा ते ठरवणारी बायिंगची मीटिंग. तिथे तुम्हाला कृष्णवर्णीय माणसं भेटली का? त्यांचं काय होताना पाहिलंत? ऐकीव नको, पाहिलेलं लिहा.

लंडनहून

शिकत असताना फॅशन वीकला ड्रेसर म्हणून जायचे. म्हणजे मॉडेल धावत आत आली की मिनिटभरात तिला पुढच्या कपड्यांत घालायचं. मानधन म्हणजे एक सँडविच. एकदा माझ्या वाट्याला दक्षिण सुदानी वंशाची मुलगी आली. तिच्या बॅगेत तिच्या रंगाच्या फाउंडेशनच्या दोन बाटल्या, रुंद दातांचा कंगवा, केस बसवायचं जेल. मला वाटलं, हौशी दिसतेय. मग हेअरस्टायलिस्ट आला, तिचे केस हातात घेतले, सोडले आणि सरळ पाण्याचा फवारा मारला. तासभर खपून मोकळे केलेले दाट कुरळे केस पाण्याने आखडून टाळूला बसले. ती फक्त "मी करते" म्हणाली. आरशात न बघता केस बसवले, कडेच्या बटा बोटाने वळवल्या, मग स्वतःचं फाउंडेशन काढून मेकअपवालीच्या हातात दिलं. तिच्या ट्रेमध्ये त्या रंगाची बाटलीच नव्हती.

मी सावळी. साखरपुड्याला पार्लरवालीने मला चक्क राखाडी करून सोडलं होतं. तो फोटो दाखवल्यावर जी हसली ती, शो मॅनेजर ओरडेपर्यंत!

विस्कॉन्सिनहून

पाहिलेलं नाही, वाचलेलं आहे. धागाकर्तीने माफ करावं. मी सिव्हिलवाला. कृष्णवर्णीय फॅशन डिझायनर व्हर्जिल ॲबलोसुद्धा सिव्हिल इंजिनिअर, आमच्याच विस्कॉन्सिन विद्यापीठाचा. आई घानाची, शिवणकाम करणारी. शिवणं तिच्याकडूनच शिकला. २०१८ मध्ये लुई व्हितॉं या फ्रेंच फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांचा प्रमुख झाला, २०२१ मध्ये ४१ व्या वर्षी गेला. आमचं कन्यारत्न इंजिनिअरिंग सोडून फॅशन म्हणतंय. हे नाव माझ्यावर रोज फेकलं जातं.

अंधेरीहून

मी रीटचर. परदेशी कॅटलॉगचे फोटो रात्रपाळीत साफ करून पाठवायचे. त्वचेसाठी आमची एक तयार ॲक्शन (एका क्लिकवर सगळे बदल करणारी) होती, गोऱ्या मॉडेलवर बसवलेली. तीच काळ्या त्वचेवर चालवली की गालाच्या हाडावरची चमक जायची; कोपर, गुडघे, बोटांची पेरं सगळं एका रंगाचं, प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखं. आम्हाला ते "क्लीन" वाटायचं, खोटं कशाला बोलू? वर थोडं उजळही करायचो, कुणी सांगितलेलं नसताना. लग्नाच्या अल्बमांनी हाताला लावलेली सवय.

एकदा अख्खी बॅच परत आली. क्लायंटकडे नवीन आर्ट डायरेक्टर आली होती, कृष्णवर्णीय. एका गुडघ्याभोवती लाल गोल आणि खाली : "इथे गुडघा होता. परत आणा." त्याआधी चार वर्षं त्याच क्लायंटचं काम करत होतो, कुणी हूं की चूं केलं नव्हतं. अमेरिकन व्होग या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठाचा फोटो कृष्णवर्णीय छायाचित्रकाराला मिळायला १२६ वर्षं लागली, २०१८ मध्ये, बियॉन्सेचा. टायलर मिचेल तेव्हा २३ वर्षांचा. ती बातमी वाचून मी पुढचं पान उलटलं होतं. त्या गुडघ्यानंतर अंक शोधून काढला आणि झूम करून बघत बसलो.

शिकागोहून

माझी बाजू चांगली नाही, तरी लिहिते. २०२० मध्ये पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या खुनानंतर ऑरोरा जेम्स या डिझायनरने दुकानांना हाक दिली : शेल्फवरची १५ टक्के जागा कृष्णवर्णीयांच्या ब्रँडना द्या. मी तेव्हा एका दुकानसाखळीत बायर होते. आम्हीही घाईघाईने काही ब्रँड आणले, फोटोबिटो झाले. त्यात एक बाई होत्या, हाताने प्लीट घालायच्या, सुरेख काम. आम्ही पैसे देणार ९० दिवसांनी, त्यांचा कापडवाला मागणार आगाऊ. माल दहा दिवस उशिरा आला. करारात होता तो दंड कापला. दुसऱ्या सीझनला त्या "विक्री कमी" यादीत. ती यादी मीच टाइप केली.

धागाकर्ती

त्या बाई आता काय करतात?

शिकागोहून

चर्चच्या गायकांचे झगे शिवतात, लग्नाचेही घेतात. गेल्या वर्षी लेकीच्या पदवीदानासाठी मी त्यांच्याकडेच ड्रेस टाकला. त्यांनी पूर्ण पैसे आगाऊ मागितले. दिले.