उपवासकाळात नुसतं मटण सोडून काय होतं?

एका ताईंनी विचारलंय की आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, मटण-चिकन सोडलं तर देवाला काय फरक पडतो. माझ्या मते देवाला नाही, आपल्याला पडतो. मी ठाण्याचीच, राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला राख लावून घ्यायला सकाळी तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चला जाते आणि मग तशीच ऑफिसला. ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून करतात, म्हणजे ज्या आपणच हातात धरून मिरवल्या त्याच, हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. कपाळावर काळा क्रूस घेऊन लोकलमध्ये उभी असते आणि आतून एकदम शांत वाटतं, मातीचे आपण मातीला जाणार, मग जाऊबाईंशी एवढा अबोला कशाला.

आणि बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू काय सांगतो बघा, उपवास कराल तेव्हा डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना दिसू देऊ नका. प्रार्थना, उपवास, दानधर्म हे तिन्ही एकत्रच आहेत हो. आमच्याकडे मटणाचे वाचलेले पैसे एका बरणीत टाकतो, गुड फ्रायडेच्या आधी त्याचं रेशन भरून खालच्या वॉचमनकाकांच्या घरी देतो. यंदा जाऊबाईंनाही फोन केला, पहिल्याच शुक्रवारी.