सीबी रेडिओ दुरुस्तीला भरवशाचं दुकान कसं ओळखायचं? अमेरिकेतले ट्रकवाले प्लीज सांगा

रीफरवाला_सातारा

नमस्कार मंडळी, मी स्टॉकटनहून शिकागोच्या बाजूला रीफर (थंड मालाचा ट्रेलर) चालवतो, म्हणजे जवळजवळ सगळा रस्ता आय-८० हायवे. ट्रकमध्ये कोब्रा २९ हा सीबी (ट्रकवाले आपसात बोलतात तो वायरलेस रेडिओ) आहे, जुना आहे पण आत्तापर्यंत एकदम व्यवस्थित चालला. मागच्या हिवाळ्यात आवाज मधेच तुटायला लागला म्हणून एका ट्रक स्टॉपशेजारच्या दुकानात दिला. त्याने रेडिओ पाहायच्या आधीच सांगितलं की पीक अँड ट्यून करून देतो, वॅट वाढतील, लांबपर्यंत जाशील. रेडिओ आतल्या खोलीत नेला, थोड्या वेळाने आणून दिला आणि मीटर लावून दाखवला, मी बोललो की काटा खरंच उड्या मारत होता. पैसे दिले आणि निघालो.

आता झालंय असं की समोरचा म्हणतो तू जोरात येतोयस पण काय बोलतोयस ते कळत नाही. बोलतो मी १९ नंबर चॅनलवर, पण शेजारच्या १८ आणि २० वर पण माझा आवाज घुसतो म्हणे. परतीच्या ट्रिपला त्याच दुकानात गेलो तर अँटेनाच खराब आहे, नवीन घे, असं उत्तर मिळालं. मला अँटेना घ्यायला हरकत नाही हो, पण खरंच ती खराब आहे का हे मोजून तरी दाखव ना!

आणि कृपा करून फोन आहे की, सीबी कशाला लागतो असं लिहू नका. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स, तो एल्क माउंटनचा पट्टा, तिथे वारा सुटला की रिकामा ट्रेलर आडवा पडतो, पुढचं काही दिसत नाही, आणि मागच्या गाड्यांना सावध करायला १९ नंबरपेक्षा वेगवान काहीच नाही. ॲपवर येईपर्यंत आपण तिथे पोचलेलो असतो. मला रेडिओ नीट पाहिजे म्हणजे पाहिजे. चांगलं दुकान शोधायचं कसं, त्याला काय विचारायचं?

कोल्हापुरी_टेक्सास

भावा, वाचूनच कळलं, तुझ्या रेडिओचा लिमिटर (आवाजाचा जोर मर्यादेत ठेवणारा पार्ट) उडवलाय. हे लय ठिकाणी करतात. एखादा छोटा पार्ट कापायचा, दोनचार स्क्रू फिरवायचे, काटा उडतो, गिऱ्हाईक खूश. आवाज फाटतो ते तुला पुढं वीस-तीस मैलांवर कळतं आणि तवर तू लांब गेलेला असतोस, परत कोण येतंय? ट्रकवाला थांबत नाही ह्याच्यावरच अशी दुकानं चालतात.

माझा नियम एकच, रेडिओ माझ्या डोळ्यासमोर उघडायचा. आत नेणार असशील तर नको. चांगला मेकॅनिक पहिल्यांदा विचारतो की त्रास काय आहे, कधीपासून आहे, ऐकू कमी येतंय का बोलणं जात नाही. मग दुसरा माइक लावून बघतो, कारण निम्म्या वेळेला माइकची वायरच तुटलेली असते, ती जिथं माइकमध्ये शिरते ना बरोबर तिथं आतून तुटते, बाहेरून चांगली दिसते. आवाज मधेच तुटायचा म्हणतोस, म्हणजे मला तर तुझा मूळ प्रॉब्लेम तोच वाटतोय. ते काम दहा मिनिटांचं आहे, त्याला ट्यूनिंगची गरजच नव्हती.

आणि बेंच फी आधी विचार. उघडून बघायचे किती, दुरुस्त नाही झाला तरी द्यायचे का, काढलेला पार्ट परत देणार का. जो ह्या प्रश्नांवर चिडतो तिथून रेडिओ उचल आणि नीघ.

बेंचवाला_नागपूर

मी ट्रक चालवत नाही, ओहायोत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो, हॅम लायसन्स (हौशी रेडिओचा परवाना) आहे, ट्रकवाल्यांचे रेडिओ हौसेने दुरुस्त करतो. कोल्हापूरकरांनी बरोबर सांगितलं, फक्त त्या वॅटच्या काट्याबद्दल नीट समजून घ्या कारण सगळी फसवणूक तिथेच होते.

एफसीसीच्या (अमेरिकेचं रेडिओवर देखरेख करणारं सरकारी खातं) नियमाने सीबीला एएमवर ४ वॅटच कॅरियर, म्हणजे आवाज नसतानाची मूळ लहर. म्हणजे बटण दाबून गप्प बसलात तर ४. पूर्ण १०० टक्के मॉड्युलेशन झालं (म्हणजे त्या लहरीवर आवाज पूर्ण चढला) की शिखराला तेच १६ वॅट होतात, हे गणितच आहे, त्यात कोणाची करामत नाही. चांगल्या स्थितीतला कंपनीचा रेडिओ आपोआपच साधारण तिथवर जातो. लिमिटर काढला की मॉड्युलेशन १०० च्या वर जातं, कॅरियर मधे मधे शून्यावर कापला जातो, त्याने आवाज फाटतो आणि घाण शेजारच्या चॅनलवर सांडते. १८ आणि २० वर ऐकू येतोय ते ह्याच्यामुळेच. काटा जास्त उडतो हे खरंय, पण ती ताकद तुमच्या शब्दांच्या कामाची नाही. आणि खरंच दुप्पट वॅट केले तरी अंतर दुप्पट होत नाही, समोरच्याच्या मीटरवर जेमतेम अर्धा एस-युनिट (सिग्नलचा जोर मोजायचं माप) फरक पडतो.

म्हणून दुकानात गेल्यावर टेबलाकडे बघा. डमी लोड आहे का (५० ओहमचा, अँटेनाच्या जागी लावतात), ऑसिलोस्कोप (लहरीचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे का, फ्रिक्वेन्सी काउंटर आहे का. स्कोपशिवाय मॉड्युलेशन सेट करतो म्हणणारा अंदाजानेच करतोय. त्याला सांगा की आधीचं रीडिंग दाखव आणि नंतरचं दाखव. चॅनल १९ म्हणजे २७.१८५ मेगाहर्ट्झ, काउंटरवर तोच आकडा दिसला पाहिजे. हे तुम्ही स्वतः वाचू शकता, त्याला इंजिनीयर व्हायला लागत नाही.

तुमचा रेडिओ वाया गेलेला नाही, काळजी करू नका. लिमिटरचा पार्ट किरकोळ किमतीचा असतो, परत बसवता येतो. पण त्याआधी अँटेनाचं एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळते त्याचा आकडा, कमी तितका चांगला) स्वतः मोजा, मीटर स्वस्त मिळतो. मोकळ्या जागेत ट्रक उभा करा, दारं बंद, शेजारी दुसरा ट्रेलर नको. चॅनल १, २० आणि ४० वर मोजा आणि इथे टाका.

स्नेहल_ब्रॅम्प्टन

मी आणि माझा नवरा टीम चालवतो, टोरांटो ते टेक्सास. सातारकर दादा, दुकान शोधायला आम्ही गूगलचे स्टार बघत नाही, १९ वरच विचारतो. एखाद्या गावाच्या जवळ आलं की रेडिओ चेक मागायचा आणि ज्याचा आवाज स्वच्छ येतोय त्याला विचारायचं, तुझा रेडिओ कुठे केलास. दोन-तीन वेगवेगळ्या ड्रायव्हरनी एकच दुकान सांगितलं की समजायचं. त्यातही ओनर-ऑपरेटर (स्वतःचा ट्रक चालवणारा) म्हातारबा असेल तर त्याचं जास्त ऐकायचं, ही माणसं एकाच मेकॅनिककडे वर्षानुवर्षं जातात. पार्किंगमध्ये चार अँटेना आणि मोठमोठी स्टिकरं लावलेल्या ट्रकवाल्याला विचारू नका, त्याला फक्त मोठा आवाज हवा असतो. तो १० मीटरचा (हॅमच्या पट्ट्याचा) एक्सपोर्ट रेडिओ आणि लिनियर (ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर) घ्यायला सांगेल, जे सीबीवर वापरणं बेकायदाच आहे. (कॅलिफोर्नियात आय-५ वर बरेच जण १७ वर असतात, तिकडे १९ वर कोणी उत्तर दिलं नाही तर रेडिओ बिघडला असं समजू नका.)

आणि ट्रक कंपनीचा आहे का तुमचा? काही नव्या ट्रकमध्ये आरशातून फॅक्टरीचीच केबल येते आणि एकाच अँटेनावर एफएम आणि सीबी दोन्ही, तिथे रेडिओ कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. आम्ही तो नाद सोडून वेगळी अँटेना आणि वेगळी केबल टाकली.

रीफरवाला_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. ट्रक माझा स्वतःचा आहे, अँटेना आरशाच्या ब्रॅकेटवर. मित्राकडून मीटर घेऊन मोजलं, १ वर, २० वर, ४० वर, तिन्हीकडे ३ च्या वर काटा जातोय. म्हणजे तो दुकानवाला अँटेनाबद्दल खरं बोलत होता का?

बेंचवाला_नागपूर

नाही, लगेच अँटेना घेऊ नका. लांबीचा प्रश्न असता तर एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी आलं असतं. १ वर जास्त म्हणजे अँटेना आखूड, ४० वर जास्त म्हणजे लांब. सगळीकडे ३ च्या वर म्हणजे बहुतेक अर्थिंग गेलंय नाहीतर माउंट किंवा केबल शॉर्ट आहे. हिवाळ्यात आय-८० वरचं मीठ त्या ब्रॅकेटमध्ये बसतं, बोल्टखाली पांढरी-हिरवट बुरशी धरते.

असं करा, अँटेना फिरवून काढा, केबल रेडिओकडून आणि माउंटवरून दोन्हीकडून सोडवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून ब्रॅकेट ते ट्रकची चेसिस बघा, जवळजवळ शून्य यायला पाहिजे. नाही आलं तर बोल्ट काढून रंग खरवडा, धातूला धातू लागू द्या, नाहीतर ब्रॅकेटपासून चेसिसला जाड वायर टाका. मग मधला स्टड (ज्यावर अँटेना बसते तो बोल्ट) ते ब्रॅकेट बघा, तिथे काहीच कनेक्शन दिसता कामा नये. दिसलं तर आतला नायलॉनचा वॉशर चेपलाय, तो बदला, किरकोळ किंमत आहे. केबलचंही तसंच, मधली तार आणि बाहेरची जाळी एकमेकांना लागलेली नको. ट्रकबाबत स्नेहलताई म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ह्या केसमध्ये आधी माउंट.

एसडब्ल्यूआर २ च्या खाली येईपर्यंत बटण जास्त वेळ दाबून बोलू नका, फायनल ट्रान्झिस्टर (बाहेर जाणाऱ्या सिग्नलला ताकद देणारा पार्ट) तापून जातो आणि मग खरंच मोठा खर्च. ऐकायला हरकत नाही.

कोल्हापुरी_टेक्सास

आणि रेडिओ कुठं द्यायचा ते राहिलं. तुझ्या रस्त्यावर कुठल्याही मोठ्या गावात हॅम क्लब असतोय, त्यांना फोन कर, सांग लिमिटर परत बसवायचाय आणि मॉड्युलेशन स्कोपवर ९०-१०० च्या मधी सेट करायचंय. असं नेमकं बोललास की समोरच्याला कळतं गिऱ्हाईक फसणारं नाही. मे महिन्यात ओहायोत झीनियाला हॅमव्हेन्शन (हॅमवाल्यांचा मेळावा) भरतं, लोड तिकडचा मिळाला तर रेडिओ घेऊनच जा, तिथं चांगली जाणती माणसं भेटतात. देताना सिरियल नंबरचा आणि कव्हर उघडून आतला फोटो काढून ठेव, आणि माइक पण बरोबर दे, नुसता रेडिओ देऊ नको.

बेंचवाला_नागपूर

हो, माइक नक्की द्या. आणि माउंटचं रीडिंग आलं की इथे टाका, मी बघतो.