प्राण्यांच्या दुकानात रात्री माणूस नको का?

जळगावची: इथल्या एका प्राण्यांच्या दुकानात दोन वर्षं काम केलं, गेल्या उन्हाळ्यात सोडलं. मालक वाईट नव्हता, दाणापाणी वेळेवर असायचं. माझं म्हणणं रात्रीबद्दल आहे. नऊला शटर खाली, सकाळी दहाला वर. मधले तेरा तास आत कोणी नाही. वर पत्रा, मे महिन्यात दिवसाचा पारा ४५ च्या आसपास, आणि रात्री लाईट गेली की कूलर बंद, माशांच्या टाकीत हवा सोडणारा पंपही बंद. कोमट पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी. सकाळी माझं पहिलं काम म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आत जाळीने मेलेले गोल्डफिश काढायचे. एकदा अकरा निघाले. शेजारच्या बाटलीतला फायटर मासा तेवढा जिवंत, कारण तो वर येऊन हवा घेतो. जिथे रात्री माणूस थांबत नाही, तिथे जिवंत प्राणी विकायला ठेवूच नयेत.

धुळ्याचा दुकानदार: ताई, त्या माणसाचा पगार कुठून काढायचा? लव्हबर्डच्या जोडीसाठी लोक पन्नास रुपयांवरून घासाघीस करतात. मी इन्व्हर्टर बसवलाय. आणि दुकानं बंद झाली तर पिल्लं मोबाईलवरून घरबसल्या विकली जातील. तिथे तपासायला कोण जाणार?

भुसावळकर: भो, बैल उन्हातान्हात राबतो त्याचं कोणी बोलत नाही. पोळ्याला एक दिवस पुरणपोळी, झालं. इथे माशांसाठी रडणं चाललंय.

जळगावची: दादा, बैलाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. माझे वडील उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत औत सोडायचे आणि रात्री खाट गोठ्याशेजारी टाकायचे. जनावर हंबरलं तर उठायला माणूस होता. मी तेवढंच मागतेय.

चाळीसगावचा पशुवैद्यक: रात्रीइतकाच वयाचाही प्रश्न आहे. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं कुत्र्याचं पिल्लू विकता येत नाही. पण गिऱ्हाईकालाच महिन्याचं हवं असतं, 'लहान आणलं की लळा लागतो' म्हणून. आईपासून तोडलेलं, लस न झालेलं ते पिल्लू आठ दिवसांत पार्व्हो विषाणूने रक्ताची हगवण लागून माझ्या टेबलावर येतं. मान टाकलेली, हिरड्या पांढऱ्याफटक. सगळीच वाचत नाहीत. आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. कोण भिणार?

धुळ्याचा दुकानदार: पिल्लांचं शंभर टक्के मान्य, डॉक्टर. चाळीस दिवसांचं पिल्लू मी स्वतः परत पाठवलंय. गिऱ्हाईक मग दुसऱ्या दुकानात गेलं. पण रात्रीचा माणूस सक्तीचा केलात तर आमच्यासारखी छोटी दुकानं उरणार नाहीत.

जळगावची: माझंही घर त्याच पगारावर चालायचं, म्हणून हे सहज बोलत नाहीये. पण आमचा निम्म्याहून जास्त गल्ला खाद्य, पट्टे आणि औषधांचा होता. पिंजरे रिकामे ठेवूनही दुकान चालतं. निदान एप्रिल ते जून तरी जिवंत माल भरू नका. ('माल' हाच शब्द आम्ही वापरायचो, आता लिहितानाही बोचतो.) तुमचा इन्व्हर्टर किती तास टिकतो, दादा?

धुळ्याचा दुकानदार: कूलर आणि पंप दोन्ही चालू असले तर चार तास. उन्हाळ्याच्या आत दुसरी बॅटरी घेतो. रात्रीच्या माणसाचं मात्र अजून पटलेलं नाही.