मदत हवी आहे: 'लाइकली टू' चालतं, मग 'पॉसिबल टू' का नाही?

मराठी माध्यमाच्या दहावीला इंग्रजी शिकवते. 'शी इज शुअर टू विन' म्हणजे ती जिंकणारच, ही खात्री बोलणाऱ्याची. 'शी इज शुअर दॅट शी विल विन' मध्ये खात्री तिची स्वतःची. 'खात्री कोणाची?' असं विचारलं की मुलांना हा फरक लगेच कळतो.

पण 'ही इज लाइकली टू कम' शिकवल्यावर एकाने 'ही इज पॉसिबल टू कम' लिहिलं. त्याचा तर्क सरळच होता! मी 'इट इज पॉसिबल दॅट ही विल कम' असं दुरुस्त करून दिलं, कारण मात्र सांगता आलं नाही. विशेषणांची यादी पाठ करून घ्यायची नाहीये. कुठलं विशेषण माणसाला कर्ता म्हणून घेतं आणि कुठल्याला 'इट'च लागतं, हे ओळखायची मराठीतून सांगता येईल अशी एखादी कसोटी आहे का?